लव्हिंग व्हिन्सेंट

विख्यात डच चित्रकार व्हिन्सेंट व्हान गॉख (३० मार्च १८५३–२९ जुलै १८९०) ह्याचे जीवन आणि विशेषतः त्याचा मृत्यू ह्यांचा मागोवा घेणारा पूर्ण लांबीचा सचेतनपट. पोलंड व ब्रिटन ह्यांची संयुक्त निर्मिती असलेला हा चित्रपट २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. डोरोटा कोबिएला व ह्यू वेल्शमन हे त्याचे दिग्दर्शक असून पटकथा त्या दोघांनी यात्सेक डेनेल ह्याच्या सहकार्याने लिहिली. पार्श्वसंगीत क्लिंट मॅन्सेल ह्याचे आहे. कॅनव्हासवर तैलरंगांत हाताने रंगविलेल्या चित्रांतून सबंध साकारलेला हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट मानला जातो. व्हान गॉख आपला धाकटा भाऊ थिओ ह्यास लिहिलेल्या पत्रांच्या शेवटी ‘तुझा प्रेमळ व्हिन्सेंट’ अशा अर्थाचे डच शब्द योजीत असे. चित्रपटाचे नाव त्यावरून घेतलेले आहे. व्हॅन गॉग ह्या उच्चारानेही हा चित्रकार मराठी वाचकांस परिचित आहे.

चित्रकाराचा अंतकाळ : नेदर्लंड्‌समधील झुंडर्ट ह्या खेड्यात एका धर्मोपदेशकाच्या घरी जन्मलेल्या व्हान गॉखने चित्रविक्रेत्याच्या पेढीवरील नोकरी, शिक्षकाचे काम, बेल्जियममधील खाणकामगारांत धर्मप्रचार असे अनेक मार्ग चोखाळल्यानंतर १८८० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, चित्रकलेस वाहून घेण्याचे ठरविले. पुढील दहा वर्षांत त्याने ८५० हून अधिक तैलचित्रे व त्याहून अधिक रेखाटने केली. ह्या काळात त्याचा निर्वाह प्रामुख्याने पॅरिसमध्ये चित्रविक्रीच्या व्यवसायात असलेल्या थिओने नियमितपणे पाठविलेल्या पैशांवर चालला. फेब्रुवारी १८८८ मध्ये तो दक्षिण फ्रान्समधील आर्ल येथे गेला. तेथे त्याच्या प्रतिभेस बहर आला. तथापि डिसेंबरच्या अखेरीस मनोविकाराच्या झटक्यात त्याने स्वतःचा कान कापून घेतला. मे १८८९ पासून एक वर्ष त्याने सँ-रेमी येथील रुग्णालयात काढले. २० मे १८९० रोजी तो पॅरिसच्या उत्तरेस असलेल्या ऑव्हेर-स्युर-वाझ ह्या गावी आला. डॉ. पॉल गाशे हा कलाप्रेमी वैद्य तेथे राहत असल्याने थिओने ही योजना केली होती. ऑव्हेरमधील सुमारे सत्तर दिवसांत व्हान गॉखने जवळजवळ तितकीच चित्रे रंगविली.

२७ जुलै १८९० रोजी सायंकाळी तो राव्हू कुटुंबाच्या खाणावळीतील आपल्या खोलीवर जखमी अवस्थेत परतला. पिस्तुलाची गोळी त्याच्या छातीच्या खालच्या भागात शिरली होती. डॉ. गाशे व गावातील डॉ. माझरी ह्यांनी त्यास तपासले, परंतु गोळी काढणे शक्य झाले नाही. दुसऱ्या दिवशी थिओ पॅरिसहून आला आणि २९ जुलैच्या पहाटेपूर्वी व्हिन्सेंटचा मृत्यू झाला. आपणच स्वतःवर गोळी झाडली, असे त्याने सांगितल्याचे खाणावळवाल्यांच्या कुटुंबाने व इतरांनी नमूद केले आहे. आत्महत्या केलेल्याच्या अंत्ययात्रेसाठी चर्चची शववाहिका देण्यास स्थानिक धर्मगुरूने नकार दिला. ३० जुलैच्या दफनास एमील बेर्नार, ल्युस्यँ पिसारो हे चित्रकार व रंगविक्रेता तांगी उपस्थित होते. थिओही त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, २५ जानेवारी १८९१ रोजी, उत्रेक्त येथे मरण पावला. १९१४ मध्ये त्याचे अवशेष ऑव्हेर येथे आणून व्हिन्सेंटच्या शेजारी पुरण्यात आले.

आख्यायिकेची वाढ : व्हान गॉखचे चरित्र लोकांपर्यंत पोहोचले ते मुख्यतः त्याच्या पत्रांमधून. थिओची पत्नी योहाना व्हान गॉख-बाँगर हिने चित्रांचा व पत्रांचा संग्रह सांभाळला आणि १९१४ मध्ये थिओस लिहिलेली पत्रे प्रसिद्ध केली. व्हान गॉखने लिहिलेली सुमारे ८२० पत्रे आज उपलब्ध असून एकोणिसाव्या शतकातील दुसऱ्या कोणत्याही चित्रकाराने स्वतःविषयी इतके सविस्तर लिहून ठेवल्याचे क्वचितच आढळते. परंतु २७ जुलैच्या घटनेविषयी ही पत्रे काही सांगत नाहीत. मृत्यूसमयी त्याच्याजवळ थिओस लिहिलेल्या एका पत्राचा कच्चा मसुदा सापडला. तीत निरोपाची स्पष्ट भाषा नाही.

ही पोकळी पुढे कादंबऱ्यांनी व चित्रपटांनी भरून काढली. आयर्विंग स्टोनची लस्ट फॉर लाइफ (१९३४) ही कादंबरी जगभर वाचली गेली. माधुरी पुरंदरे ह्यांनी तिचा मराठी अनुवाद केला आहे. व्हिन्सेंट मिनेली ह्याने १९५६ मध्ये तीवर आधारलेला चित्रपट काढला, त्यात कर्क डग्लसने व्हान गॉखची भूमिका केली. कावळ्यांनी भरलेल्या गव्हाच्या शेताचे चित्र हे त्याचे अखेरचे चित्र आणि त्यातील काळवंडलेले आभाळ ही मृत्यूची चाहूल, हा समज ह्या चित्रपटाने दृढ केला. प्रत्यक्षात ते चित्र जुलैच्या पूर्वार्धातील असून त्यानंतर त्याने अनेक चित्रे रंगविली. त्याचे अखेरचे चित्र म्हणून आता झाडांची मुळे हे अपूर्ण चित्र बहुतेक अभ्यासक मानतात. थिओचा मेहुणा आंद्रीस बाँगर ह्याने, मृत्यूपूर्वीच्या सकाळी व्हिन्सेंटने सूर्यप्रकाशाने व चैतन्याने भरलेले झाडीचे दृश्य रंगविल्याचे लिहून ठेवले होते. ह्या चित्रातील उताराची जागा खाणावळीपासून जवळच असल्याचे २०२० मध्ये एका जुन्या चित्रपत्राच्या आधारे वाउटर व्हान डर व्हेन ह्या संशोधकाने दाखवून दिले. चित्रातील रंगांवरून चित्रकाराच्या शेवटच्या मनःस्थितीचे अनुमान काढणे किती फसवे ठरते, ह्याचे हे बोलके उदाहरण होय.

व्हान गॉखवरील अन्य चित्रपटांत आलँ रेने ह्याचा त्याच्या चित्रांतूनच जीवनकथा सांगणारा लघुपट (१९४८), रॉबर्ट ऑल्टमनचा व्हिन्सेंट अँड थिओ (१९९०), मोरिस पियाला ह्याचा व्हान गॉख (१९९१) आणि ज्युलियन श्नाबेलचा ॲट इटर्निटीज गेट (२०१८) हे उल्लेखनीय आहेत. अकिरा कुरोसावा ह्याने आपल्या ड्रीम्स (१९९०) ह्या चित्रपटातील एका भागात प्रेक्षकास व्हान गॉखच्या चित्रांच्या आत नेऊन फिरविले. चित्रे हलती करण्याची ही कल्पना लव्हिंग व्हिन्सेंटमध्ये संपूर्ण चित्रपटभर वापरलेली दिसते.

निर्मिती व तंत्र : डोरोटा कोबिएला ही मुळात चित्रकार असून तिचे शिक्षण वॉर्सा येथील ललित कला अकादमीत झाले. व्हान गॉखच्या पत्रांवरून सुचलेला काही मिनिटांचा लघुपट एकटीनेच रंगवावा, अशी तिची आरंभीची योजना होती. ह्यू वेल्शमन ह्याच्या सहकार्याने तिचे रूपांतर पूर्ण लांबीच्या चित्रपटात झाले. पोलंडच्या चित्रपट संस्थेचे साहाय्य मिळाले. त्याशिवाय चित्रकारांच्या प्रशिक्षणासाठी लोकांकडून वर्गणीही जमविण्यात आली.

चित्रपटाचे काम दोन टप्प्यांत झाले. प्रथम नट-नटींचा अभिनय लंडन व व्रोत्स्वाफ येथे नेहमीच्या पद्धतीने कॅमेऱ्याने टिपण्यात आला. व्हान गॉखच्या व्यक्तिचित्रांतील माणसांशी चेहरेपट्टी जुळेल अशा नटांची निवड करण्यात आली होती. त्यानंतर ह्या चित्रणाच्या आधारे प्रत्येक चित्रचौकट कॅनव्हासवर रंगविली गेली. नटाच्या चित्रीकरणावरून रेखाचित्रे गिरविण्याचे तंत्र मॅक्स फ्लायशर ह्याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात विकसित केले होते. तैलरंगांतील सचेतनपटही नवे नव्हते. रशियन कलावंत अलेक्सांदर पेत्रोव्ह ह्याने काचेवर रंगविलेला द ओल्ड मॅन अँड द सी (१९९९) हा लघुपट प्रसिद्ध आहे. ही दोन्ही तंत्रे एकत्र आणून दीड तासाच्या चित्रपटासाठी राबविणे, हे मात्र अपूर्व होते.

दर सेकंदास बारा चित्रे ह्या हिशेबाने सुमारे ९४ मिनिटांच्या ह्या चित्रपटासाठी जवळजवळ ६५,००० चित्रचौकटी रंगवाव्या लागल्या. पोलंडमधील गदान्यस्क व व्रोत्स्वाफ आणि ग्रीसमधील अथेन्स येथील कार्यशाळांत सव्वाशेच्या आसपास चित्रकार ह्या कामी लागले होते. सचेतनपटाचा अनुभव असलेल्यांपेक्षा तैलरंगांवर हुकमत असलेल्या चित्रकारांस प्राधान्य देण्यात आले आणि व्हान गॉखची कुंचला चालविण्याची रीत त्यांना शिकविण्यात आली. प्रत्येक दृश्याची पहिली चौकट पूर्ण चित्र म्हणून रंगवावयाची, तिचे छायाचित्र घ्यावयाचे, नंतर हलणाऱ्या भागावरील ओला रंग खरवडून तेथे पुढील क्षणाचे रूप रंगवावयाचे व पुन्हा छायाचित्र घ्यावयाचे, असा हा क्रम होता. त्यामुळे एका कॅनव्हासवर अनेक चित्रे निर्माण होऊन पुसली जात आणि दृश्याच्या शेवटी केवळ अखेरची चौकट शिल्लक राही. अशा प्रकारे उरलेल्या चित्रांपैकी काहींचे प्रदर्शन नेदर्लंड्‌समध्ये भरविण्यात आले आणि काही चित्रे विकलीही गेली.

व्हान गॉखची शंभराहून अधिक चित्रे चित्रपटात कथेच्या ओघात प्रकट होतात. त्याच्या कॅनव्हासांची मापे निरनिराळी असल्याने पडद्याच्या ठराविक चौकटीत बसविण्यासाठी काही चित्रांच्या कडा वाढवाव्या लागल्या. कथेच्या गरजेनुसार दिवसाच्या चित्राची रात्र व हिवाळ्याच्या चित्राचा उन्हाळाही करावा लागला. गतकाळातील प्रसंग मात्र कृष्णधवल असून त्यांची धाटणी त्या काळातील छायाचित्रांसारखी आहे. ह्या प्रसंगांसाठी व्हान गॉखची चित्रे आधारास नव्हती आणि ती त्याच्या शैलीत नव्याने रचणे दिग्दर्शकांस उचित वाटले नाही. परिणामी जे व्हिन्सेंटने पाहिले ते रंगांत आणि जे इतरांनी त्याच्याविषयी सांगितले ते काळ्या-पांढऱ्यात, असा भेद चित्रपटात आपोआप निर्माण होतो.

कथानक : कथा १८९१ च्या उन्हाळ्यात, चित्रकाराच्या मृत्यूनंतर एका वर्षाने घडते. आर्ल येथील टपाल कर्मचारी जोझेफ रूलँ हा व्हिन्सेंटचा मित्र. व्हिन्सेंटचे थिओस लिहिलेले एक पत्र पोहोचते करण्याचे काम तो आपला मुलगा आर्मां ह्यावर सोपवितो. वडिलांच्या ह्या वेडसर मित्राविषयी आर्मांस आस्था नसते. पॅरिसमध्ये तांगीकडून थिओही मरण पावल्याचे त्यास कळते आणि पत्र कोणाच्या हाती द्यावे, ह्या शोधात तो ऑव्हेरला जातो. तेथे खाणावळवाल्याची मुलगी आदलीन राव्हू, डॉ. गाशे ह्यांची मुलगी मार्गरीत, त्यांच्या घरची कारभारीण, नदीवरील नावाडी, डॉ. माझरी व अखेरीस स्वतः गाशे अशा एकेकाच्या भेटी तो घेतो. प्रत्येकाची हकीकत वेगळी असते. कोणास व्हिन्सेंट शांत व समाधानी वाटलेला असतो, कोणास विकृत. कोणी गाशे पिता-पुत्रीकडे बोट दाखवितो, तर कोणी चित्रकाराची टर उडविणाऱ्या रने सक्रेतां ह्या धनिक तरुणाकडे. पत्र पोहोचविण्यासाठी निघालेला आर्मां हळूहळू तपासनीस बनतो. व्हिन्सेंट कसा मेला ह्याविषयी एवढी उत्सुकता असणाऱ्यास तो कसा जगला हे कितपत ठाऊक आहे, असा प्रश्न मार्गरीत त्यास विचारते. चित्रपटाचे मर्म ह्या प्रश्नात आहे. अखेरीस मृत्यूचे गूढ न उलगडताच, परंतु व्हिन्सेंटविषयी निराळी दृष्टी घेऊन आर्मां परततो.

इतिहास व कल्पना : आर्मांचा प्रवास काल्पनिक आहे. व्हान गॉखने १८८८ मध्ये आर्मांची व्यक्तिचित्रे रंगविली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. जोझेफ रूलँची जानेवारी १८८९ मध्ये मार्सेय येथे बदली झाली होती. म्हणजे १८९१ मध्ये त्यास आर्ल येथे दाखविणे इतिहासास धरून नाही. आदलीन राव्हू चित्रपटात तरुणी आहे. वस्तुतः व्हान गॉखने तिचे चित्र रंगविले तेव्हा तिचे वय तेराच्या आसपास होते. तिने आपल्या आठवणी सांगितल्या त्या १९५० नंतर, म्हणजे साठाहून अधिक वर्षांनी. गाशे ह्यांनी व्हिन्सेंटला, तू थिओवरील भार आहेस, असे सुनावल्याचा प्रसंग ही पटकथेतील कल्पना आहे. तिच्यामागील वास्तव मात्र खरे आहे. जुलै १८९० च्या आरंभी पॅरिसच्या भेटीत थिओची आर्थिक चिंता, त्याचा नोकरी सोडण्याचा विचार व नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे आजारपण ही सर्व व्हिन्सेंटच्या कानी आली होती.

मृत्यूविषयीचा वाद : चित्रपटातील तपासाचा गाभा स्टीव्हन नेफी व ग्रेगरी व्हाइट स्मिथ ह्यांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चरित्रातून आलेला आहे. व्हान गॉखने आत्महत्या केली नसून सक्रेतांच्या हातून बहुधा चुकून गोळी सुटली आणि मुलांस वाचविण्यासाठी मरणासन्न चित्रकाराने दोष स्वतःवर घेतला, असे प्रतिपादन त्यांनी केले. गोळीची तिरकी दिशा, डोक्याऐवजी पोटाजवळ झालेली जखम, पिस्तूल व चित्रसाहित्य न सापडणे आणि निरोपाच्या पत्राचा अभाव ही त्यांची प्रमुख कारणे. मुलांच्या हातून गोळी सुटल्याची वदंता १९३० च्या दशकात ऑव्हेरमध्ये ऐकल्याचे कलेतिहासकार जॉन रेवॉल्ड ह्याने सांगितले होते. खुद्द सक्रेतांने वृद्धपणी, १९५६-५७ मध्ये दिलेल्या मुलाखतीत व्हान गॉखची आपण क्रूर थट्टा करीत होतो हे मान्य केले. त्याने वापरलेले पिस्तूल आपलेच असावे असेही सुचविले. परंतु गोळी झाडल्याची कबुली दिली नाही.

अँम्स्टरडॅमच्या व्हान गॉख संग्रहालयातील लुई व्हान टिलबॉर्ख व टेयो मेडेनडॉर्प ह्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये हे मत खोडून काढण्याचा प्रयत्न केला. थिओ, गाशे व अंत्यविधीस हजर असलेले मित्र ह्यांपैकी कोणीही त्या वेळी आत्महत्येविषयी शंका घेतली नव्हती, ह्याकडे त्यांनी लक्ष वेधले. जखमेच्या वर्णनाचा अर्थ कसा लावावा, ह्याविषयी न्यायवैद्यकातील तज्ञांचेही एकमत झाले नाही. १९६० च्या सुमारास ऑव्हेरच्या एका शेतात ७ मिमी. व्यासाचे गंजलेले पिस्तूल सापडले होते. ते त्या घटनेतील असण्याची शक्यता वर्तविण्यात आली आणि २०१९ मध्ये पॅरिस येथील लिलावात त्यास १,६२,५०० यूरो किंमत आली. तथापि गोळी कोणी झाडली, ह्या प्रश्नाचा निर्णय शस्त्रावरून होत नाही. बहुसंख्य अभ्यासक आजही आत्महत्येचाच निष्कर्ष ग्राह्य मानतात.

मूल्यमापन : चित्रपटाचा पहिला खेळ फ्रान्समधील आनेसी येथील आंतरराष्ट्रीय सचेतनपट महोत्सवात जून २०१७ मध्ये झाला व तेथे त्यास प्रेक्षकांचे पारितोषिक लाभले. त्याच वर्षी उत्कृष्ट सचेतनपटाचा यूरोपीय चित्रपट पुरस्कार त्यास मिळाला आणि पुढील वर्षी ऑस्कर पारितोषिकासाठी त्याचे नामांकन झाले. ह्या दिग्दर्शकद्वयाने व्ह्वादिस्वाफ रेमाँट ह्या नोबेल पारितोषिकविजेत्या लेखकाच्या शेतकरीजीवनावरील कादंबरीवर ह्याच तंत्राने द पेझंट्स (२०२३) हा चित्रपट तयार केला.

चित्रपटाच्या दृश्यरूपाची प्रशंसा सर्वत्र झाली. कथानकाविषयी मात्र मतभेद आढळतात. रहस्यकथेचा साचा स्वीकारल्याने एका थोर चित्रकाराचे जीवन त्याच्या मरणाच्या कोड्यापुरते आक्रसले, असा आक्षेप घेण्यात आला. कुंचल्याचे जे फटकारे व्हान गॉखने प्रत्यक्ष निसर्गासमोर उभे राहून मारले, ते नटांच्या छायाचित्रणावर चढविल्याने त्यांची अपरिहार्यता हरपते, ह्या आक्षेपातही तथ्य आहे. त्याच्या चित्रांतील गती स्थिर रंगलेपात साठविलेली असते. तीच चित्रे खरोखर हलू लागली की ती कधीकधी सपाट भासतात.

असे असले, तरी आधीच्या अनेक चरित्रपटांहून हा चित्रपट एका बाबतीत अधिक सचोटीचा आहे. मिनेलीच्या चित्रपटाने कावळ्यांच्या चित्रातून मृत्यूचे कारण वाचून दाखविले आणि प्रेक्षकांनी ते इतिहास म्हणून स्वीकारले. लव्हिंग व्हिन्सेंटमध्ये व्यक्तिचित्रांतील माणसे साक्षीदार म्हणून बोलू लागतात, आणि त्यांच्या साक्षी परस्परांशी जुळत नाहीत हे दिग्दर्शक लपवीत नाहीत. सक्रेतांवरील संशयास ते वाव देतात. परंतु एका दिवंगत माणसावर हत्येचा आरोप सिद्ध झाल्याचे सांगत नाहीत. ज्या गोष्टीस पुरावा आहे तेवढीच ठाम उरते : पत्रे व चित्रे ह्यांची दहा वर्षांची अखंड साधना, आणि दोन भावांचा परस्परांवरील लोभ. व्हान गॉखच्या हयातीत द रेड व्हिन्यार्ड ह्या त्याच्या चित्राची ४०० फ्रँकला झालेली विक्री, हीच काय ती निश्चित नोंदलेली मोठी विक्री होय. त्याच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी तितक्याच चित्रकारांनी त्याच्या रीतीने हजारो चित्रे रंगविली व पुढचे चित्र काढण्यासाठी ती पुन्हा खरवडून टाकली. त्याच्या मृत्यूविषयी ह्या चित्रपटाने नवे ज्ञान दिले नाही. परंतु त्याच्या कामामागील कष्टांची कल्पना मात्र सामान्य प्रेक्षकास करून दिली.